ओहोटीला भरलेली सभा

माझं काम बटाटे सोलायचं.
पण अक्षर बरं, म्हणून इतिवृत्ताची वही
बाईंनी माझ्यापुढे सरकवली.
ओले हात एप्रनला पुसून मी लिहिलं:
आइकावे बेट, चिले देश. शाळा एकशिक्षकी.
हजर: कास्त्रोहून आलेले एक साहेब,
एकवीस पालक, चौदा मुलं, एक कुत्रा.
कुत्रा मागाहून खोडला.

विषय एकच, घंटा.
साऱ्या प्रांतात आठला होते, इथेही आठलाच व्हावी.
साहेबांकडे छापील कागद होता.
शिक्षकांचे मत: दोन ओळी.
पालकांचे मत: दोन ओळी.
विद्यार्थ्यांचे मत: एक ओळ,
तीही समासाला टेकलेली.

एदुविना बाई उठल्या.
म्हणाल्या, आठला मी फळ्याशी बोलते.
मुलं नवाला येतात, गुडघाभर चिखल घेऊन,
आणि हजेरीत उशिराचा शेरा
माझ्याच हातानं पडतो, सव्वीस वर्षं.
साहेब म्हणाले, नोंद घेतली.

होडीवाला क्लोदोमिरो म्हणाला,
पाणी नसलं की होडी म्हणजे नुसतं लाकूड.
साहेब म्हणाले, नोंद घेतली.
(घेतली मीच. साहेब मनगटाकडे बघत होते,
त्यांची लाँच चारला सुटायची होती.)

मुलांची पाळी आली तेव्हा पाच मिनिटं उरलेली.
काय रे, शाळा आवडते ना?
चौदा माना हलल्या.
ओळ भरली.

मग निरोप द्यायला सगळे धक्क्यावर.
लाँच गाळात कुशीवर निजलेली,
रवंथ करून दमलेल्या गाईसारखी.
चालक सिगारेट ओढत बसलेला.
पाणी?
येईल की. दहाच्या सुमाराला.
कोणी हसलं नाही.
म्हणजे हसलो, पण तोंड फिरवून.

बेटावर पेटती चूल एकच, माझी.
साहेब तिच्यापाशी येऊन बसले.
रिकामे हात मला बघवत नाहीत,
मी त्यांना सुरी दिली आणि अर्धं पोतं बटाटे.
घड्याळ त्यांनी काढून फळीवर ठेवलं, भिजेल म्हणून.
तेव्हा कुठे आम्हीही त्यांचं नाव विचारलं: लिसांद्रो.

शिनाण्यांचं कालवण उकळत होतं.
कागद नव्हता, म्हणून माणसं बोलली.
रोसेंदाच्या आईनं सांगितलं,
भरती-ओहोटीचं पत्रक ती उशाखाली घेऊन झोपते.
कोणी छपराचं काढलं, कोणी धक्क्यावरच्या दिव्याचं.
कोणी उगाच नवऱ्याचंही काढलं.

बेलिसारियो नऊ वर्षांचा. सालं गोळा करत होता.
मान वर न करता म्हणाला,
अंधारात होडीत मी सगळ्यांच्या पुढे बसतो.
खडक दिसला की ओरडायचं.
शाळेत पोचेपर्यंत आवाज संपतो.
बाई म्हणतात, वाच. मी नाही वाचत.
त्यांना वाटतं, मला येत नाही.

एदुविना बाईंची सुरी थांबली.
साहेबांचीही थांबली, पण त्यांची आधीच अडखळत होती.
चुलीत ओलं लाकूड फुसफुसलं.
बाई काहीतरी म्हणणार होत्या,
तेवढ्यात त्यानं कालवण मागितलं
आणि मी वाढलं.

रात्री दहाला पाणी आलं, लाँच उभी राहिली.
साहेब घड्याळ विसरून गेले.
दुसऱ्या दिवशी क्लोदोमिरोबरोबर धाडलं,
बटाट्याचा वास मात्र गेला नसेल.

त्या पोराचं बोलणं कुठल्या ओळीत घालायचं?
शेवटी पानामागे लिहिलं,
बटाट्यांच्या हिशेबाखाली.

मार्चमध्ये पत्र आलं.
घंटा नऊला, पाण्याची वेळ पाहून मागेपुढे.
छपराचं पुढच्या वर्षी बघू.
बेलिसारियो अजून पुढेच बसतो,
खडक काही पत्रानं हलत नाहीत.
पण बाई आता त्याला जेवणानंतर वाचायला उठवतात.
घोगऱ्या आवाजात वाचतो,
स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं.

धक्क्यावरच्या दिव्याचंही आम्ही बोललो होतो.
त्याची नोंद घेतली आहे.